संपर्क : रोज

रात्रीचे साडेअकरा. व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये तुमच्या घरी सगळे झोपलेत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, साय धरलेला चहा आणि एक जुनी प्लॅस्टिकची फाइल. जन्मदाखल्यापासून नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटपर्यंत तुमचं सगळं आयुष्य तिच्यात आहे. फ्रिजशेजारी भिंतीवर कालनिर्णय. सांगलीहून आई दर डिसेंबरात इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ते सरकवते.

चार वर्षांपूर्वी तुम्ही उजवा हात वर करून शपथ घेतलीत आणि भारतीय पासपोर्ट जमा केलात. आता कंपनीने संरक्षण खात्याच्या एका कामावर तुमचं नाव घातलंय आणि त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स लागते. ती आपली आपण मागता येत नाही. कंपनीने नाव पुढे करावं लागतं आणि माणूस अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. दोन्ही जमलं, म्हणून आता हा फॉर्म समोर आहे. नाव एसएफ 86. छापला तर शंभरावर पानं.

सुरुवातीची कलमं भराभर झाली. पत्ते, शाळा, नोकऱ्या. आता अठरावं कलम, नातेवाईक. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं, सासू, सासरे. प्रत्येकाचं जन्मगाव, नागरिकत्व, पत्ता, नोकरी. परदेशी सरकार, लष्कर किंवा गुप्तहेर खात्याशी संबंध?

वडिलांच्या रकान्यात तुम्ही थबकता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उसाला पाण्याची पाळी लांबली म्हणून शेतकऱ्यांच्या शिव्या खाण्यात हयात गेलेला माणूस या रकान्यात परदेशी सरकारचा माजी नोकर ठरतो. तुम्ही तसं लिहिता.

एकोणिसाव्या कलमात परदेशातली इतर माणसं. गेल्या 7 वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संबंध होता आणि ज्यांच्याशी तुम्ही मायेने, प्रभावाने, समान हिताने किंवा बांधिलकीने जोडलेले आहात अशी. मामेभाऊ नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये आहे. विमानाचा कारखाना, म्हणजे संरक्षण उद्योग. आतेबहीण, चुलतभाऊ, मावसभाऊ या सगळ्यांना इंग्रजीत एकच कझिन. दिवाळीला कुणाकुणाशी बोललात याची यादी करता करता वहीचं पान भरतं.

विसाव्यात परदेशातली मालमत्ता. आजोबांच्या सातबाऱ्यावर आठ वारस लागलेत आणि त्यातले एक तुम्ही. वाट्याला फार तर साडेतीन गुंठे, तेही वादात. फॉर्म त्याची डॉलरमध्ये किंमत विचारतो.

तुम्ही परत अठराव्याकडे येता. आईच्या नावापुढे एक छोटा रकाना उरलाय. संपर्क किती वेळा? पर्याय ठरलेले आहेत: रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, तिमाहीतून, वर्षातून.

बोट थांबतं. खरं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी गुड मॉर्निंगचं फूल, दुपारी गुडघ्याचं दुखणं, रात्री नातीचा आवाज ऐकायला फोन. पण ‘दर आठवड्याला’ जरा सभ्य दिसेल का?

घड्याळात बारा वाजून गेलेत आणि महिना बदललाय. तुम्ही कालनिर्णयाचं पान उलटायला उठता. पान उलटतं, पण मागच्या बाजूला. मग आणखी एक. पानं आपोआप मागे जाऊ लागतात.

जून 2015

तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या दिवाणखान्यात आहात. टीव्हीवर बातमी चाललीय. सरकारी कर्मचाऱ्यांचं दफ्तर सांभाळणाऱ्या खात्याचे संगणक फोडले गेलेत. पुढच्या काही महिन्यांत आकडे फुगत जातात. 2 कोटी 15 लाख लोकांची माहिती गेली. त्यातले 1 कोटी 97 लाख पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी अर्ज केलेले, उरलेल्यांत मुख्यतः त्यांचे जोडीदार. बोटांचे ठसेही चोरीला गेले, 56 लाख लोकांचे. संशय चीनमधल्या हॅकरांवर.

कोचावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळतं, त्यानेही कधीतरी हाच फॉर्म भरलाय. परदेशातल्या भावाबहिणींची नावं, पत्ते, कोण काय करतं, कुणाशी किती बोलणं होतं. शत्रूने नातेवाइकांना धरून तुम्हाला वाकवू नये, म्हणून सरकारने ती यादी मागितली होती. नेमकी तीच यादी आता चोराच्या हाती आहे, ती पण सरकारी साच्यात, नीट रकाने पाडून.

तुम्हाला त्याच्याशी दोन शब्द बोलावंसं वाटतं, पण पानं थांबत नाहीत.

ऑक्टोबर 1953

थंडी. मिशिगनमधलं डेक्स्टर हे छोटं गाव. ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकणारा मायलो रॅडुलोविच इथे बायको आणि दोन लहान मुलांबरोबर राहतो. वायुदलाचा राखीव लेफ्टनंट. वय 26.

ऑगस्टमध्ये वायुदलाची माणसं त्याच्या दाराशी एक पत्र घेऊन आली होती. तुम्ही त्याच्या खांद्यावरून ते वाचता. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल कुणाची तक्रार नाही. आक्षेप त्याच्या वडिलांवर आणि बहिणीवर आहे. त्या दोघांचा कल डावीकडे असल्याचा संशय आणि याचा त्यांच्याशी जवळचा, सततचा संबंध. म्हणून हा सुरक्षेला धोका. राजीनामा दे, नाहीतर सुनावणीला ये.

जवळचा, सततचा संबंध. हे शब्द तुम्ही तासाभरापूर्वीच लॅपटॉपवर वाचलेत.

वडील जॉन रॅडुलोविच सर्बियन स्थलांतरित. आधी कोळशाच्या खाणीत आणि मग मोटारींच्या कारखान्यात राबले. त्यांच्यावरचा आरोप असा की ते सर्बियन भाषेतलं एक कम्युनिस्ट धाटणीचं वर्तमानपत्र घेतात. का घेता, असं विचारल्यावर त्यांनी कारण सांगितलं. त्यांना त्याचं नाताळचं कॅलेंडर आवडतं.

तुम्हाला हसू येतं आणि लगेच विरतं. सर्बियन ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. साध्या अमेरिकन कॅलेंडरात तो कसा सापडणार? परदेशात गेलेल्या माणसाला आपले सण कधी येतात हे सांगणारा एक कागद भिंतीवर लागतोच. अंगारकी कधी, एकादशी कधी, घटस्थापना कोणत्या वारी. तुमच्या फ्रिजशेजारचं कालनिर्णय कुणी वकिलाच्या नजरेने वाचलं तर त्याला काय दिसेल, असा विचार तुमच्या मनात येऊन जातो.

तुम्ही सेल्फ्रिज तळावरच्या सुनावणीच्या खोलीत जाता. कर्नलांचं मंडळ बसलंय. डेट्रॉइटमधल्या बाकीच्या वकिलांनी हात झटकले, तेव्हा चार्ल्स लॉकवुड नावाच्या म्हाताऱ्या वकिलाने हे काम फुकट घेतलं. पण लढणार कशाशी? टेबलावर एक बंद पाकीट आहे. पुरावा त्यात आहे म्हणे. ते उघडलं जात नाही, साक्षीदार येत नाही, आरोप कुणी केला हे सांगितलं जात नाही. वडिलांशी आणि बहिणीशी संबंध तोडलेस तर बघू, असं सगळ्याचं वळण आहे. मायलो तोडायला तयार नाही.

20 ऑक्टोबरची रात्र. दूरचित्रवाणीवर पत्रकार एडवर्ड मरो, आजच्या भागाचा विषय मायलो. सीबीएस वाहिनीला या भागाची जाहिरात करायची नव्हती, म्हणून मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरचे 1,500 डॉलर घालून न्यूयॉर्क टाइम्समध्ये ती छापली. पडद्यावर मायलो बोलतो, बहीण बोलते, गावातली माणसं बोलतात. म्हातारे वडील राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र जड उच्चारात वाचून दाखवतात. स्वतःसाठी काही मागत नाहीत, मुलाला न्याय मागतात. खोलीत कुणी हलत नाही.

महिन्याभराने, 24 नोव्हेंबरला, वायुदलाचे सचिव हॅरल्ड टॅलबट त्याच कार्यक्रमात येऊन सांगतात की लेफ्टनंट रॅडुलोविच सेवेत राहतील. मायलो जन्माने अमेरिकन होता, परदेशातून आले होते वडील. तरीही इतकं झालं. मग जो स्वतःच बाहेरून आलाय त्याचं काय होत असेल, असं वाटून तुम्ही आणखी तीन वर्षं मागे जाता.

सप्टेंबर 1950

लॉस एंजेलिसच्या बंदराजवळचं टर्मिनल आयलंड. खारट वारा आणि कोठडीत एक माणूस. छिएन श्युएसेन, जन्म 1911, घराणं हांगझौचं. 1935 मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला, एमआयटीत शिकला, मग कॅलटेकला थिओडोर फॉन कारमान यांचा लाडका शिष्य झाला. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभारणाऱ्यांपैकी एक. युद्धात चिनी नागरिक असतानाही त्याला गुप्त कामाची परवानगी होती. 1945 मध्ये अमेरिकेने त्याला कर्नलचा दर्जा देऊन जर्मनीला पाठवलं आणि तिथे त्याने जर्मन रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राऊनला प्रश्न विचारले. 1949 मध्ये त्याने अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज केला.

त्याच वर्षी चीन लाल झाला. 6 जून 1950 रोजी त्याची परवानगी काढून घेण्यात आली. आरोप होता तीसच्या दशकातल्या ओळखींचा, कुणा कम्युनिस्टांच्या घरच्या बैठकांचा. पण एक दुसरी गोष्टही सगळ्यांच्या मनात होती. वडील चीनमध्ये आहेत, म्हातारे आहेत, मुलाला बोलावतायत. गुप्त काम गेल्यावर तो म्हणाला की मग मी वडिलांना भेटून येतो. हे ऐकून संशय आणखी वाढला. सामान जप्त झालं. त्यातल्या कागदांवरचे आकडे सांकेतिक लिपी आहे असं अधिकाऱ्यांना वाटलं. ती लॉगॅरिथमची कोष्टकं निघाली.

15,000 डॉलरच्या जामिनावर तो सुटला, पण पुढची पाच वर्षं नजरकैदेसारखी गेली. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, देश सोडायचा नाही. चौकशीत एक प्रश्न येतो: अमेरिका आणि लाल चीन यांचं युद्ध झालं तर तुम्ही कोणाच्या बाजूने लढाल? तुम्ही त्याच्या मागे उभे आहात आणि तुमच्याही घशाला कोरड पडते. सरळ उत्तर द्यायला सोपं आहे. पण ज्याचा बाप तिकडे आहे त्याने ते पटकन दिलं तर ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही आणि जरा विचार करून दिलं तर तो विचारच पुरावा ठरतो.

कॅलेंडर तुम्हाला 1955 ची दोन पानं शेजारी शेजारी दाखवतं. एप्रिलमध्ये वेर्नर फॉन ब्राऊन, नाझी पक्षाचा माजी सदस्य, अलाबामात अमेरिकन नागरिक होतो. 17 सप्टेंबरला छिएन बायको आणि दोन मुलांसह लॉस एंजेलिसहून प्रेसिडेंट क्लीव्हलंड या बोटीवर चढतो. पुढे त्याने चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. ज्या धोक्याच्या भीतीने त्याला पाच वर्षं बांधून ठेवलं, तो धोका त्याला बोटीवर बसवून अमेरिकेने स्वतःच्या हाताने तयार केला.

पानं आणखी मागे पळतात. 2 जुलै 1946: भारतीयांना अमेरिकेचं नागरिक होण्याची मुभा देणारा कायदा, स्थलांतराला वर्षाला शंभर जणांचा कोटा. 1923: सर्वोच्च न्यायालय भगतसिंग थिंद यांना सांगतं की तुम्ही कायद्याच्या अर्थाने गोरे नाही, म्हणून नागरिकही होऊ शकत नाही. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव वाचून तुम्हाला गावाकडचा कुणी भेटल्यासारखं वाटतं. ते स्वतः 1914 पासून अमेरिकन नागरिक. सरकारने नंतर त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा खटला भरला आणि 1926 मध्ये ते तो जिंकले. या निकालानंतरच्या काळात तुमच्यासारख्यापुढे फॉर्मच आला नसता, नागरिकच होता येत नाही तर विचारणार कुणाला?

इथून पानं पुढे सुटतात.

फेब्रुवारी 1960

वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर एका आदेशावर सही करतायत. त्याला एक निमित्त आहे. विल्यम ग्रीन नावाच्या विमान अभियंत्याची गुप्त कामाची परवानगी काढून घेतली गेली होती आणि त्याची नोकरीही गेली होती. डावी माणसं, त्यात त्याची आधीची बायको, यांच्याशी संबंध हे कारण. साक्षीदार त्याला कधी दिसलेच नाहीत. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी पद्धत चालवायचा अधिकार संरक्षण खात्याला कुणी दिलेला नाही. म्हणून हा आदेश: कारणं लेखी द्या, उत्तराला संधी द्या, सुनावणी घ्या.

तुम्ही शेवटच्या कलमांवर नजर टाकता. निर्णय देशहिताच्या कसोटीवर होईल, तो अर्जदाराच्या निष्ठेवरचा निवाडा नसेल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही चांगले की वाईट हे कुणी ठरवत नाहीये. तुमच्यावर कोण, कुठून, काय दाब आणू शकेल एवढंच बघणार. मायलोचं बंद पाकीट इथे उघडतं. पण ओझं तुमच्याकडे सरकतं. शंका उरली तर ती देशाच्या बाजूने जाते आणि क्लिअरन्स हा कुणाचाही हक्क नाही, हे 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगून ठेवलंय.

अजून न आलेला एक मंगळवार

पानं तुमच्या आजच्या तारखेवरून पुढे निघून जातात. व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन. संरक्षण खात्याचं सुनावणी आणि अपील कार्यालय. आद्याक्षरांवरून लोक त्याला डोहा म्हणतात. मराठी कानाला त्यात डोह ऐकू येतो.

तुमच्या हातात कारणांचं निवेदन आहे. उत्तराला 20 दिवस होते, ते तुम्ही दिलंत, म्हणून आज सुनावणी. निवेदनात तेरा मार्गदर्शक तत्त्वांपैकी फक्त एक लागलंय, परदेशी प्रभावाचं. खाली पोटकलमं. तुमची आई भारताची नागरिक असून भारतात राहते. तुमचे वडील भारताचे नागरिक असून भारतात राहतात. तुमचे सासू-सासरे. तुमचा मामेभाऊ, संरक्षण उद्योगात नोकरीला. प्रत्येकापुढे तुम्हाला लिहावं लागलं: मान्य किंवा अमान्य.

आई आहे. मान्य.

तुम्ही आयुष्यात खूप कागदांवर सह्या केल्यात. आई असण्याची कबुली पहिल्यांदाच दिलीत.

न्यायाधीश सौम्यपणे विचारतात. सरकारी वकीलही आवाज चढवत नाहीत. इथे कुणी तुम्हाला गद्दार म्हणत नाही. जवळच्या नातेवाइकांवर माणसाची माया असते असं ते धरूनच चालतात. नसेल तर तुम्ही सिद्ध करायचं. हेच गृहीतक सासू-सासऱ्यांनाही लागू आहे. सासू-जावयाचं प्रेम कायद्याने गृहीत धरलेलं तुम्ही पहिल्यांदाच पाहता.

मग तागडी. एका पारड्यात देश कोणता, तिथलं सरकार कसं, ते अमेरिकेची गुपितं शोधतं का, नातेवाइकांना धरून दाब आणेल का. चीन, रशिया, इराण असता तर हे पारडं केव्हाच जड झालं असतं. भारत लोकशाही आहे, संबंध मित्रत्वाचे आहेत. तरी दहशतवाद आणि औद्योगिक हेरगिरी यांच्या नोंदी वाचल्या जातात. दुसऱ्या पारड्यात तुमची इथली मुळं: किती वर्षं झाली, घर, मुलांची शाळा, शेजारी, बचत. 2006 पासून नुसतं परदेशी नातं पुरत नाही, त्यातून वाढीव धोका दिसावा लागतो. या बदलाने तुमच्यासारख्यांची वाट बरीच रुंद केली.

पण एका गोष्टीला इथे माफी कठीण. लपवणं. मामेभावाचं नाव मुद्दाम गाळलं असतंत किंवा ‘दर आठवड्याला’ लिहिलं असतंत, तर आज दुसरं एक तत्त्वही लागलं असतं. ते तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल असतं. आईची काळजी आहे, हे ऐकून घ्यायला इथली माणसं तयार आहेत. ती काळजी तुम्ही आखडून लिहिलीत, तर शंका तिथे सुरू होते. ज्याला आपली माणसं लपवावीशी वाटतात त्याला कुणीही त्याच माणसांवरून धमकावू शकतं, असा त्यांचा हिशेब. हिशेब थंड आहे, पण चुकीचा नाही.

निकाल तुम्हाला वाचायला मिळत नाही. एवढंच दिसतं की तो छापला जाईल, त्यात तुमचं नाव नसेल, फक्त ‘अर्जदार’ असेल. आई असेल, तीही नावाशिवाय.

आज

पान हातात आहे. तुम्ही ते खिळ्यावर नीट बसवता. मागच्या बाजूला कसली तरी पाककृती आहे, आईने तिच्यावर बॉलपेनने फुली मारलीय. म्हणजे ही करू नकोस, तेल फार लागतं.

टेबलाशी येऊन बसता. चहा ओतून टाकायचा राहिलाच. जॉन रॅडुलोविचना त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडराबद्दल परक्या माणसांना उत्तर द्यावं लागलं, ते न उघडलेल्या पाकिटामुळे. तुमच्यापुढे पाकीट उघडं आहे. फक्त ते भरायचंही तुम्हालाच आहे.

आईच्या नावापुढचा रकाना अजून रिकामा आहे. तुम्ही ‘रोज’ निवडता. मोबाइलच्या पडद्यावर सांगलीहून आलेलं झेंडूचं फूल चमकतं. तिकडे सकाळ झाली.

फॉर्म माहिती साठवतो आणि एकोणिसाव्या कलमात पुन्हा विचारतो: परदेशात जवळचं आणखी कुणी आहे का?

तुम्ही आतेबहिणीचं नाव लिहिलेली वही पुढे ओढता आणि ‘हो’ दाबता.